हिरवी समुद्री गोगलगाय ओळखायचं काम: अमळनेर ते मालगुंड, जानेवारी ते एप्रिल २०२४

२१ जानेवारी २०२४, रविवार, अमळनेर

सुरुवात कशी झाली ते आधी लिहून ठेवतो. रत्नागिरीला राहणाऱ्या मावसभावाने दिवाळीत व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो टाकला, खडकातल्या डबक्यात एक हिरवं पान आणि खाली लिहिलेलं "दादा हे पान चालतंय". फोटो एकदम ब्लर पण त्या पानाला पुढे दोन शिंगं दिसत होती. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवतो, वर्गात फोटो दाखवला तर पोरं बाकावर चढून बघायला लागली, त्यातल्या निम्म्यांनी समुद्रच पाहिलेला नाही, आपल्याकडे बोरी नदीला पाणी आलं तरी लोक पुलावर बघायला जातात. एका पोरीने विचारलं सर याचं नाव काय, आणि मला फक्त "समुद्री गोगलगाय, शंख नसलेली" एवढंच सांगता आलं. तेव्हाच ठरवलं की जाऊन बघायचं आणि नाव लावूनच यायचं.

२५ ला पौष पौर्णिमा, २६ ला शुक्रवारी सुट्टी, म्हणजे उधाण आणि जोडून सुट्टी दोन्ही जमतंय. सामान: मोबाईलला लावायची मॅक्रो क्लिप लेन्स ८५० रुपये, पांढरे प्लास्टिकचे डबे चार १६०, टॉर्च घरचा, जुने कॅनव्हासचे बूट. अमळनेरहून जळगाव, जळगावहून रेल्वेने ठाणे, ठाण्याहून कोकण रेल्वेने रत्नागिरी, तिथून मालगुंडचा किनारा, जाऊन येऊन साधारण १,९०० धरलेत.

२७ जानेवारी, शनिवार, मालगुंड

आजची सकाळ पूर्ण वाया गेली. चूक माझी, राहायच्या ठिकाणी विचारलं ओहोटी कधी, ते म्हणाले सकाळी, मी आरामात चहा पिऊन सव्वाआठला कातळावर पोचलो तर पाणी चढायला लागलेलं. भाऊ म्हणाला दादा सुकती सव्वासहाच्या आसपास होऊन गेली. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस या भागात सगळ्यात खालची ओहोटी पहाटे पाच ते सातच्या मधे कुठेतरी आणि परत संध्याकाळी येते आणि रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, हे आधी भरती-ओहोटीचं टेबल काढून बघायला पाहिजे होतं, मोबाईलवर दोन मिनिटांचं काम आहे. दिवसभर काही नाही. संध्याकाळच्या ओहोटीला गेलो पण अंधार लवकर पडला आणि अनोळखी खडक, भाऊ नको म्हणाला, बरोबरच होतं त्याचं.

२८ जानेवारी, रविवार, मालगुंड

सहाला टॉर्च घेऊन खाली उतरलो. गुडघाभर पाण्याची डबकी, कडेला हिरवं मऊ शेवाळ पिसासारखं वाढलेलं. तासभर काहीच दिसलं नाही कारण मी चालत चालत बघत होतो. चालताना ही गोष्ट दिसतच नाही. शेवटी कंबर दुखली म्हणून एका डबक्याशी बसलो, पाणी शांत झालं आणि पाच-सहा मिनिटांनी एक पिसाचा तुकडा सरकला. मग एकेक करत तीन दिसल्या. एकदा डोळ्याला सवय झाली की दिसतात, त्याआधी हात लावला तरी कळणार नाही.

वर्णन जागेवर वहीत लिहिलं: लांबी अंदाजे दीड ते दोन सेंटीमीटर, हिरवी, अंगावर बारीक पांढरे ठिपके, पाठीच्या दोन्ही बाजूंना पाळ्या, त्या वर उचलून मिटलेल्या असतात, पाळीच्या काठाला काळी रेघ आणि तिच्या आत नारिंगी पट्टा. डोक्यावरची शिंगं दाण्यांचा पुडा वळतात तशी गुंडाळलेली. खाली लिहिलं "कॉलर्पावर सापडली" (कॉलर्पा म्हणजे एक हिरवं समुद्री शेवाळ). ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढचे दोन महिने त्या एका ओळीने खाल्ले.

फोटो पंचवीस काढले. पांढऱ्या डब्यात ठेवून काढले त्यामुळे कॅमेऱ्याने उजेड कमी केला आणि गोगलगाय काळपट आली. मोजपट्टी शेजारी ठेवली नाही. शेवाळाचा वेगळा फोटो एकही नाही.

मग जे केलं त्याचं मला अजून वाईट वाटतं. तिन्ही गोगलगायी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीत घातल्या, सोबत मूठभर शेवाळ कोंबलं, म्हटलं वनस्पती आहे म्हणजे ऑक्सिजन देईल, आणि झाकण घट्ट लावून बॅगेत.

२९ जानेवारी, सोमवार, अमळनेर

जळगाव स्टेशनवर उतरून बघितलं तेव्हा तिन्ही तळाशी, हलत नव्हत्या. पाण्याला वास. आधी वाटलं इकडची थंडी लागली, रात्री चांगलाच गारठा होता, पण शांतपणे विचार केल्यावर कारण सरळ आहे: अंधारात शेवाळ ऑक्सिजन देत नाही, उलट घेतं. बंद बॅगेत चौदा-पंधरा तास, वर गच्च झाकण, त्यात मूठभर शेवाळ, म्हणजे मीच त्यांचा श्वास बंद केला. कोणाला न्यायचीच असेल तर शेवाळाची एकच काडी, बाटली अर्धी रिकामी, आणि दर दोन-तीन तासांनी झाकण उघडायचं. पण माझं आता मत असं झालंय की न्यायचीच नाही, अमळनेरला आणून मी तिला काय देणार होतो?

आईने बाटली बघितली, "हाई काय शे रे? जळू शे का?" मग मेलेल्या बघून काही बोलली नाही.

घरात सर्जिकल स्पिरिट होतं त्यात तिन्ही टाकल्या.

४ फेब्रुवारी, रविवार

स्पिरिट हिरवं झालंय. पूर्ण हिरवं, पुदिन्याच्या सरबतासारखं, आणि गोगलगायी फिक्या पिवळट. हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं, सहावीच्या प्रयोगात पान उकळताना आपण हेच दाखवतो, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. अंग आखडून जेमतेम सात-आठ मिलिमीटरचा गोळा झालाय, पाळ्या आत वळल्यात. नारिंगी पट्टा गेला, काळ्या रेघेचा थोडा अंश दिसतो.

आखडू नये म्हणून आधी मॅग्नेशियम क्लोराईडच्या साधारण साडेसात टक्के द्रावणात ठेवून सैल करतात आणि मग स्पिरिट, हे आज कळलं. ५०० ग्रॅमचं पाकीट मागवलं ३२० रुपयांना, आता उपयोग शून्य.

पण त्या हिरव्या स्पिरिटवरून पोरांना सांगायला एक चांगली गोष्ट मिळाली. हे हरितद्रव्य तिचं स्वतःचं नाही. या गटातल्या गोगलगायी शेवाळाची पेशी टोचून आतला रस ओढतात, आपल्याकडे कपाशीवर मावा-तुडतुडे करतात तसंच, रसशोषक. फरक असा की रसात आलेले हिरवे कण, हरितलवक, काही जाती लगेच पचवून टाकत नाहीत, अंगभर पसरलेल्या पचनग्रंथीच्या पेशींमध्ये जपून ठेवतात आणि ते काही काळ उन्हात काम करत राहतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एलिशिया क्लोरोटिका नावाची जात हे कण कित्येक महिने टिकवते. सगळ्यांना ते जमत नाही, काहींचे थोड्याच दिवसांत संपतात. पोरांना सांगितलं तर एकाने लगेच विचारलं, सर म्हणजे चोरलेलं सोलर पॅनल? मी म्हटलं हो, अगदी बरोबर.

तर गटापुरतं नक्की झालं: शिंगं गुंडाळलेली, पाळ्या, हिरवा रंग, रसशोषक, म्हणजे एलिशिया. हे नाव रिसो यांनी १८१८ मध्ये दिलंय. आता जात.

१८ फेब्रुवारी, रविवार

कॉलर्पा खाणारी एलिशिया म्हणून शोधत गेलो की पहिलं नाव येतं एलिशिया टोमेंटोसा, जेन्सन १९९७ (जातीला ज्यांनी नाव दिलं त्यांचं आडनाव आणि वर्ष असं मागे लावतात). हिचं अंग बारीक उंचवट्यांनी भरलेलं, खरखरीत दिसणारं असतं. माझ्या फोटोत पांढरे ठिपके आहेत, ते उंचवटेच असतील असं मी धरलं. काठाच्या काळ्या रेघेचं काय? म्हटलं असेल रंगात फरक. असं एकेक बसवत गेलो. वहीत पेनाने लिहूनसुद्धा टाकलं "एलिशिया टोमेंटोसा" आणि वर्गात सांगितलं. पेनाने लिहायला नको होतं.

पक्कं करायला जीभ काढून बघायची ठरवली. या गोगलगायींच्या तोंडात दातांची एकच रांग असते, एकामागे एक, त्यातला पुढचा एकच दात कामाचा, तो पेशीला भोक पाडतो. जुने झालेले दात पडून जात नाहीत, एका छोट्या पिशवीत साठत राहतात. ती रांग बघायला डोक्याचा भाग कापडाच्या ब्लीचमध्ये विरघळवतात, मांस जातं आणि दात राहतात. एका नमुन्याचं डोकं ब्लीचमध्ये टाकलं, चहा करायला उठलो, परत येऊन बघतो तर वाटीत काहीच नाही. दात होते का नाही देव जाणे, काचपट्टीवर घेताना थेंबासोबत गेले असावेत. दुसऱ्यावर प्रयत्न केला, या वेळी समोर बसून राहिलो, तीन-चार मिनिटांत काढलं, रांग सापडली, खिळ्यांची माळ असावी तशी. शाळेच्या मायक्रोस्कोपवर ४०च्या लेन्सने दाताची कड गुळगुळीत का करवतीसारखी ते समजलं नाही. एक आख्खा रविवार गेला. ज्याच्याकडे चांगला मायक्रोस्कोप नाही त्याने या वाटेला जाऊ नये असं मी सांगेन, जिवंतपणी काढलेला नीट फोटो यापेक्षा जास्त सांगतो.

१० मार्च, रविवार

काही झालं नाही. दहावीची परीक्षा, सुपरविजन. फोटो मोठे करून करून बघतोय, जितकं मोठं करतो तितके ठिपके गुळगुळीत अंगावरचे रंगाचे ठिपके वाटतात, उंचवटे वाटत नाहीत. टोमेंटोसाचे फोटो शेजारी ठेवले की मन खातं. पण ती ओळ समोर आहे: कॉलर्पावर सापडली.

२४ मार्च, रविवार, होळी

काकांकडे पारोळ्याजवळ मळ्यात गेलो होतो. पुरणपोळ्या खाऊन ओट्यावर बसलो, फोटो दाखवले, सगळं रामायण सांगितलं, ठिपके, रेघ, पट्टा, दात. काका चाळीस वर्षं कपाशी करतात, त्यांनी फोटोकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "ते सम्दं जाऊ दे, ती कसावर बशेल व्हती ते सांग." मी म्हटलं कॉलर्पा म्हणून एक समुद्री शेवाळ असतं. "तू वयखतस का ते?" म्हणजे तुला ओळखता येतं का ते.

मी गप्प झालो. नाही येत. हिरवं होतं, पिसासारखं होतं, आणि पुस्तकातलं पिसासारखं हिरवं समुद्री शेवाळ मला एकच माहीत होतं. कृषी केंद्रात औषध मागायला गेलो तर काउंटरवर पहिला प्रश्न असतो कोणतं पीक, किडीचा रंग नंतर विचारतात. मी किडीचं वर्णन दोन पानं लिहिलं आणि पीक अंदाजाने लिहिलं. घरी येताना गाडीवर डोक्यात हेच.

२६ मार्च, मंगळवार

ती पाण्याची बाटली सापडली, गॅलरीत, आईने झाडाला पाणी घालायला ठेवलेली. धुतलेली होती पण झाकणाच्या आट्यांमध्ये वाळलेली हिरवी-काळी केसासारखी काडी अडकलेली, दीड सेंटीमीटर. टाचणीने काढली. एवढीशी काडी काढताना हात थरथरत होते हे खरं सांगतो. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम जाडं मीठ, त्यात भिजत घातली.

१ एप्रिल, सोमवार

कॉलेजातल्या बॉटनीच्या मॅडमना दाखवली. त्यांच्याकडे कॉलर्पाचे कागदावर दाबून वाळवलेले जुने नमुने आहेत, त्यातला एक तुकडा भिजवून त्यांनी शेजारी ठेवला. मॅडमनी जे दाखवलं ते सविस्तर लिहितो कारण हेच खरं कामाचं आहे.

दोन्ही शेवाळं एका बाबतीत सारखी: आत आडव्या भिंती नाहीत, आख्खी वनस्पती म्हणजे एकच लांब नळी, एकच पेशी, हजारो केंद्रकं. म्हणूनच या गोगलगायींना ती आवडतात, एक भोक पाडलं की रस येतच राहतो, सलाईनच्या नळीसारखा. पण कॉलर्पाच्या नळीत आतून आधाराचे बारीक धागे आडवेतिडवे ताणलेले असतात, खाटेच्या सुतळीसारखे, त्यामुळे ती कडक असते. शिवाय तिला जमिनीलगत सरपटणारी दोरी असते, वेलासारखी, त्या दोरीवरून वर पानं आणि खाली मुळासारखे तंतू. माझ्या काडीत आत एकही धागा नाही, पोकळ नळी, आणि बाजूच्या फांद्या जिथे जोडल्यात तिथे चिमटा काढल्यासारख्या अरुंद. मॅडम म्हणाल्या हे ब्रायोप्सिस आहे.

त्यांनी विचारलं पाण्यातून वर काढल्यावर कसं दिसत होतं? मला आठवलं, बाहेर काढलं की ओल्या ब्रशसारखं चिकटून लोळागोळा होत होतं. कॉलर्पा असं करत नाही, आकार धरून राहतं. म्हणजे उत्तर २८ जानेवारीला माझ्या हातात होतं.

टोमेंटोसा खोडलं. पेनाने लिहिलेलं पेनानेच खोडलं, पान फाडलं नाही.

ब्रायोप्सिस खाणाऱ्या, काळ्या काठाच्या, नारिंगी पट्ट्याच्या एलिशिया बघितल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत माझीच गोगलगाय समोर. दोन महिने अडलेलं पाच मिनिटांत. उद्या वर्गात चूक सांगणार आहे, कशी झाली ते पण.

१० एप्रिल, बुधवार, मालगुंड

परत आलो. ८ ला अमावास्या, काल पाडवा, उद्या ईदची सुट्टी, आजची एक रजा टाकली. आई म्हणाली सणाच्या दिवशी कुठे निघालास, पण डबा भरून दिला.

या वेळी ओहोटीचं टेबल छापून आणलंय. पावणेसहाला खाली. सामान बदललं: पांढऱ्या डब्याऐवजी काळी प्लास्टिकची पाटी पाण्यात तळाशी ठेवायची, ग्राफ पेपर लॅमिनेट करून, ३० रुपये, एक मिलिमीटरचे चौकोन, नाणं ठेवण्यापेक्षा कितीतरी चांगलं कारण एकाच किमतीची जुनी-नवी नाणी वेगवेगळ्या आकाराची असतात. वहीत रकाने आधीच आखलेले आणि पहिला रकाना: कशावर.

पहिल्या दिवशी फक्त एक मिळाली. आधी शेवाळ: दोरी आहे का, नाही. वर काढल्यावर लोळागोळा, हो. नख लावल्यावर हिरवा रस, हो. ब्रायोप्सिस. मग गोगलगाय: चालताना पसरलेली २१ मिलिमीटर, दचकल्यावर १३. हा फरक बघा, म्हणून लांबी लिहिताना ती चालत असतानाचीच लिहायची. काळ्या पाटीवर फोटो असा आला की अंगावरचे ठिपके मोजता येतील, पांढरे जास्त, मधे बारीक काळे, अंग गुळगुळीत. फेब्रुवारीतले "उंचवटे" म्हणजे माझ्या ब्लर फोटोतले ठिपकेच.

११ एप्रिल, गुरुवार, मालगुंड

आज खूप मिळालं, नीट लिहितो.

साडेसहा ते साडेसात एका डबक्यात चार. दोन तास हललो नाही, पाणी परत आत यायला लागेपर्यंत. एकीला खाताना बघितलं. लेन्स लावून मोबाईल पाण्यालगत धरला, ती ब्रायोप्सिसच्या एका बारीक फांदीला तोंड लावून थांबली, बराच वेळ काहीच नाही, आणि मग फांदीचा रंग एका टोकाकडून उतरत गेला, हिरव्याची रिकामी पारदर्शक नळी झाली. मग शेजारची फांदी. मागे वळून बघितलं तर ती जिथून आली त्या वाटेवरच्या बऱ्याच फांद्या अशाच रिकाम्या होत्या. म्हणजे गोगलगाय शोधायच्या आधी रिकाम्या फांद्या शोधल्या असत्या तरी चाललं असतं, शेतात पानं आकसलेली दिसली की आपण मावा बघायला पान उलटं करतो तसं. हे जानेवारीत माहीत असतं तर तासभर वाचला असता.

पाळ्या उघडल्या की पाठीवर पुढच्या बाजूला एक लहान फुगवटा दिसतो, त्यात हृदय, आणि तिथून फांद्या फुटत गेलेल्या नसा पाळ्यांवर पसरतात. या नसांची रचना जातीप्रमाणे बदलते म्हणून पाळ्या उघडलेला एक फोटो पाहिजेच. त्यासाठी तिला छेडू नये, ऊन आलं की ती आपोआप पाळ्या पसरते, मी फक्त थांबलो. सव्वासातला ऊन डबक्यावर आलं आणि चारातल्या दोघींनी पान उघडावं तशा पाळ्या उघडल्या. इतकं सुंदर काही मी बरेच वर्षांत पाहिलं नव्हतं. भावाने पण मोबाईल खाली ठेवला आणि नुसतं बघत राहिला.

अंडी: शेवाळाच्या बुंध्याशी चपटी गुंडाळी, उदबत्तीच्या कॉइलसारखी, नऊ मिलिमीटर रुंद, आत बारीक पांढरे दाणे आणि त्यांच्या सोबतीने जाणारा पिवळसर-नारिंगी धागा. हा धागा म्हणजे अंड्याबाहेर ठेवलेला जादा बलक, काही एलिशिया जातींमध्येच असतो, त्यामुळे ओळखायला याचाही फोटो घ्यायचा. प्रत्येक गोगलगाय नर-मादी दोन्ही असते. अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाला बारीक शंख असतो, मोठी होताना तो टाकून देते.

भावाने विचारलं दादा हीच का ती जी स्वतःचं डोकं तोडून चालते? त्याने कुठेतरी व्हिडिओ बघितलेला. गोष्ट खरी आहे, जपानमधल्या नारा इथल्या मितोह आणि युसा या दोन संशोधकांनी २०२१ मध्ये छापलं, तिथल्या एलिशिया मार्जिनाटासारख्या गोगलगायी मानेजवळून अख्खं धड सोडून देतात, नुसतं डोकं चालतं, शेवाळ खातं, साधारण आठवड्यात नवं हृदय आणि तीनेक आठवड्यांत नवं धड येतं. सोडलेलं धड पण बरेच दिवस जिवंत राहतं पण त्याला डोकं येत नाही. तो म्हणाला करून बघूया का. मी नाही म्हटलं. तीन माझ्या हातून आधीच गेल्यात.

आज एकही आणली नाही. अंडीसुद्धा जागेवर. डबक्यातून उचललेला प्रत्येक दगड होता तसा उलटा-सुलटा बघून परत ठेवला.

२१ एप्रिल, रविवार, अमळनेर

बाहेर ४२ अंश, पंख्याखाली बसून नावाचं काम.

इंटरनेटवर अशा फोटोंखाली सर्रास एलिशिया ऑर्नाटा लिहिलेलं असतं. पुढे स्वेन्सन, १८४० हे कंसात. कंस का ते मला आधी कळत नव्हतं: जातीचं नाव देताना ती दुसऱ्या वंशात टाकली होती आणि नंतर एलिशियात आणली, म्हणून कंस. जेन्सन १९९७ ला कंस नाही कारण ती सुरुवातीपासून एलिशियाच. पण ऑर्नाटा मुळात वर्णन केली गेली वेस्ट इंडीजमधून, अटलांटिक महासागर. आपल्या बाजूला त्याच चेहऱ्यामोहऱ्याच्या गोगलगायींसाठी दोन जुनी नावं आहेत, केलार्ट यांनी श्रीलंकेतून १८५८ मध्ये दिलेलं ग्रँडिफोलिया आणि पीस यांचं १८७१ चं मार्जिनाटा. आणि २०१३ मध्ये डीएनए बघून केलेल्या एका अभ्यासात या हिरव्या गोगलगायींच्या नेहमीच्या तीन नावांखाली मिळून २० संभाव्य जाती निघाल्या. म्हणजे फोटो कितीही चांगला असला तरी काळी रेघ आणि नारिंगी पट्टा बघून पूर्ण नाव लावणं चूक. मी वहीत लिहिलं: एलिशिया, ऑर्नाटा-ग्रँडिफोलिया गट, ब्रायोप्सिसवर, मालगुंड. या वेळी पेन्सिलीने.

हे अर्धवट वाटेल कोणाला. मला वाटत नाही. फेब्रुवारीत माझ्याकडे पूर्ण नाव होतं आणि ते पूर्ण चुकीचं होतं.

एक गोष्ट अजून पोरांसाठी काढून ठेवली. हवाई बेटांवर ब्रायोप्सिस खाणाऱ्या एलिशिया रुफेसेन्समध्ये काहालालाइड एफ नावाचं विष सापडलं, त्याचा कॅन्सरवरच्या औषधासाठी बराच अभ्यास झाला. आधी वाटलं गोगलगाय बनवते, मग कळलं शेवाळात पण आहे, आणि २०१९ मध्ये उलगडलं की शेवाळाच्या आत राहणारा एक जिवाणू ते बनवतो. जिवाणूचं विष शेवाळाला राखतं, शेवाळ खाऊन गोगलगाय तेच विष घेते आणि मासे तिला सोडून देतात. इथे पण उत्तर "कशावर बसली होती" यातच होतं. काकांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "मंग! मी काय सांगेल व्हतं."

२८ एप्रिल, रविवार

हिशोब: लेन्स ८५०, डबे १६०, ग्राफ पेपर ३०, मॅग्नेशियम क्लोराईड ३२० (न उघडलेलं, कॉलेजला देऊन टाकलं), प्रवास दोन वेळचा ३,९५०, राहणं-खाणं २,६००, एक रजा. एकूण ७,९१०. यातला दुसऱ्या प्रवासाचा बहुतेक खर्च शेवाळाच्या एका फोटोने वाचला असता.

स्पिरिटमधली एक गोगलगाय आख्खी उरली आहे, ती शाळेच्या कपाटात ठेवली. जुन्या लेबलवर "कॉलर्पा" खोडून "ब्रायोप्सिस" केलं आणि तारीख टाकली, दोन्ही वाचता येतील असं. काल रात्री भावाने आरे-वारेकडच्या खडकांवरून फोटो पाठवले, पहिले तीन नुसत्या शेवाळाचे, दोरीसकट, एक पाण्याबाहेर धरलेला, आणि चौथ्यात ग्राफ पेपरवर एक तपकिरी ठिपक्यांची गोगलगाय जी मी आजपर्यंत बघितलेली नाही. शेवाळ या वेळी खरंच कॉलर्पा आहे.